पन्नासावं की शंभरावं? तालुक्याच्या शेतकी प्रदर्शनाची सुरुवात कशी ठरवायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. माणदेशातल्या तुमच्या तालुक्याच्या कृषी प्रदर्शनाचं यंदा सुवर्णमहोत्सवी वर्ष. समिती स्मरणिका काढतेय आणि 'प्रदर्शनाचा सुरुवातीचा इतिहास' हा लेख तुमच्या गळ्यात पडलाय. समितीच्या हिशेबानं सुरुवात पन्नास वर्षांपूर्वीची. पण गावातले ऐंशी पार केलेले एक आजोबा ठणकावून सांगतात, "आमच्या आज्याच्या खोंडाला इथंच नंबर मिळाला होता." आता खरं कुणाचं धरायचं?

मी पशुसंवर्धन खात्यात एकतीस वर्षं काढली. त्यातली निम्मी थंडी जत्रांच्या फुपाट्यात खिलार जनावरांचे नंबर काढण्यात गेली. निवृत्तीनंतर अशाच तीन स्मरणिकांचं काम केलं. पहिल्या वेळी सपशेल आपटलो, ते पुढं सांगतो.

तुम्ही विचारताय 'सुरुवात कधी झाली'. घोडं अडलंय ते 'कशाची सुरुवात' इथं. एकाच माळावर तीन वेगवेगळ्या गोष्टी पिढ्यान् पिढ्या होत आल्या असतील: जत्रेतला गुरांचा बाजार, सरकारनं भरवलेलं प्रदर्शन आणि आजच्या समितीचं प्रदर्शन. आजोबांच्या डोक्यात तिन्ही एक आहेत आणि समितीच्या डोक्यात फक्त तिसरं. दोघंही खोटं बोलत नाहीत.

बाजार आणि प्रदर्शन यांत फरक काय, हे एकदा पक्कं केलं की निम्मं काम होतं. बाजारात हेडी, म्हणजे गुरांचा व्यापारी, आणि मालक रुमालाखाली हात घालतात, बोटं दाबतात आणि किंमत ठरते. बघणाऱ्याला आकडासुद्धा कळत नाही. जनावर चांगलं की वाईट याचा निवाडा तिथं पैसा करतो. प्रदर्शनात ज्याला ते जनावर विकतही घ्यायचं नाही आणि विकायचंही नाही असा तिसरा माणूस उभा असतो. तो ठरलेल्या नियमानं सगळ्यांसमोर सांगतो की हे पहिलं, हे दुसरं, आणि वर काहीतरी देतो. बक्षीस, नियम आणि परका पंच या तीन गोष्टी जिथं एकत्र दिसतील तिथून मी प्रदर्शन मोजायला लागतो. म्हसवडच्या सिद्धनाथाची मार्गशीर्षातली रथयात्रा किंवा खरसुंडीची जत्रा कितीही जुनी असली, तरी तिथं जनावरं विकली जात होती एवढ्यावरून तिला प्रदर्शन म्हणता येत नाही. ती प्रदर्शनाची जमीन झाली, पेरणी नंतरची.

याला एक पोटअपवाद आहे, तो मी मान्य करतो. विदर्भात पोळ्याला तोरणाखाली बैल उभे करतात, झडत्या, म्हणजे चढाओढीनं म्हटलेली पदं, होतात आणि उत्तम सजवलेल्या जोडीला पाटलाकडून किंवा गावाकडून मान मिळतो. नियम तोंडी आणि पंच गावातलाच, पण प्रदर्शनाचं बी तिथं आहे हे नाकारता येत नाही. आपल्याकडच्या बेंदराला असं काही होत असे का, ते आजोबांना जरूर विचारा.

आता जरा लांबचं उदाहरण देतो, कारण तुमचीच अडचण तिथं जशीच्या तशी आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात बर्कशायर नावाचा डोंगराळ जिल्हा आहे. पिट्सफील्ड हे त्याचं मुख्य गाव. अमेरिकेतल्या जिल्हा शेतकी प्रदर्शनांची गंगोत्री म्हणून याच गावाचं नाव घेतलं जातं. एल्काना वॉटसन नावाचा एक धडपड्या माणूस १८०७ मध्ये तिथं शेती करायला आला. त्यानं मेरिनो जातीच्या दोन मेंढ्या विकत घेतल्या. स्पेनची ही तलम लोकरीची जात तिकडं नवलाईची होती. त्या दोन मेंढ्या त्यानं गावच्या चौकात एका मोठ्या एल्म झाडाखाली बांधून ठेवल्या. बास, एवढंच. पण बघायला आजूबाजूच्या शेतकऱ्यांची रीघ लागली, बायकासुद्धा आल्या. दोन मेंढ्यांना एवढी माणसं जमतात तर जिल्ह्याभरची जनावरं एकत्र आणली तर काय होईल, असं त्याच्या मनानं घेतलं.

१८१० मध्ये सव्वीस जणांच्या सहीनं आवाहन निघालं आणि ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला गुरांचं प्रदर्शन भरलं. १८११ मध्ये बर्कशायर शेतकी संस्था रीतसर नोंदली गेली, वॉटसन अध्यक्ष झाला आणि त्याच वर्षी बक्षिसांचं प्रदर्शन मिरवणुकीसकट झालं. कितीतरी बैल एकापुढं एक जुंपून एकच नांगर ओढत होते आणि त्या नांगराची मूठ जिल्ह्यातल्या वयोवृद्धांच्या हातात होती. पदाधिकाऱ्यांच्या टोपीत गव्हाच्या ओंब्या खोचलेल्या. आपल्याकडं बिल्ला लावतात तसं.

मग बर्कशायरच्या प्रदर्शनाची सुरुवात कधीची? १८०७, १८१० की १८११? तिन्ही सालं छापलेली सापडतात आणि तिन्हींना आधार आहे. झाडाखालच्या मेंढ्यांना बक्षीस नव्हतं. १८१० ला संस्था नव्हती. १८११ ला सगळं होतं, पण तोवर लोकांच्या लेखी ते चालू झालेलंच होतं. माझ्या फूटपट्टीनं मी १८११ धरेन, पण लेख मात्र दोन मेंढ्यांपासूनच सुरू करेन. इतकी कागदपत्रं असलेल्या जागेची ही गत, तर आपल्या तालुक्याचं काय घेऊन बसलात.

याच वॉटसनची आणखी एक गोष्ट मला पंच म्हणून फार जवळची वाटते. १८१३ मध्ये त्यानं बायकांनी घरी विणलेल्या कापडाला बक्षिसं ठेवली. कापड आलं, बायका येईनात. चारचौघांत पुढं कोण जाणार? शेवटी त्यानं आपल्या बायकोला आधी सभागृहात पाठवलं आणि गावभर निरोप धाडला की बाई तुमची वाट बघतायत. मग सगळ्या आल्या. आपल्याकडं बचत गटाच्या बायका आज मसाले-पापडांचे स्टॉल धडाक्यात लावतात, पण तुमच्या प्रदर्शनात पहिल्या वेळी बाईच्या नावानं बक्षीस कधी निघालं, हे शोधा. स्मरणिकेत तेवढा एक परिच्छेद इतर पाच पानांपेक्षा जास्त वाचला जाईल.

आता आपल्या मुलखाकडं येऊ. आपल्याकडं ही कल्पना बहुतांशी वरून खाली आली. नागपुरात डिसेंबर १८६५ मध्ये मोठं प्रदर्शन भरलं, रिचर्ड टेंपल तेव्हा मध्य प्रांताचे चीफ कमिशनर होते. कलाकुसर, कारखानदारी आणि शेतमाल असं सगळं त्यात होतं. साल बघा: अमेरिकेतलं यादवी युद्ध नुकतंच संपलेलं, त्या चार वर्षांत इथल्या कापसाला सोन्याचा भाव आलेला आणि मँचेस्टरच्या कापडगिरण्यांना आपल्या कापसाची प्रत सुधारून हवी होती. प्रदर्शनामागं शेतकऱ्याचं कौतुक किती आणि मालाची तपासणी किती, हे ज्यानं त्यानं ठरवावं. पुढं १८७६ ते ७८ चा दुष्काळ पडला, १८८० च्या दुष्काळ आयोगानं प्रांतोप्रांती शेतकी खाती काढायची शिफारस केली आणि प्रदर्शनं, नमुना शेतं, नवी अवजारं ही भाषा सरकारी कागदांत रुळली.

त्याच सुमाराला, १८८३ मध्ये, महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये प्रदर्शनांची सूचना केली आहे. दरवर्षी श्रावणात प्रदर्शनं करावीत, आश्विनात पिकांची आणि औत हाकण्याची परीक्षा घ्यावी आणि उत्तम शेतकऱ्याला बक्षीस द्यावं, असा तिचा आशय. यातला 'औत हाकण्याची परीक्षा' हा भाग मला आजही टोचतो. आपण एकतीस वर्षं काय केलं? ज्याचा बैल त्याला फेटा बांधला. तो बैल पहाटे चारला उठून घासणारा, खरारा करणारा, रिंगणात धरून उभा राहणारा गडी फोटोच्या कडेला अर्धा कापलेला असतो. फुल्यांना कसब तपासायचं होतं, आपण मालकी तपासत बसलो. जुन्या बक्षीसयाद्या मिळाल्या तर त्यात नांगरटीची स्पर्धा आहे का ते मुद्दाम बघा.

तालुक्याच्या पातळीवर सगळ्यात उपयोगी धागा आहे तो तालुका डेव्हलपमेंट असोसिएशनचा. मुंबई इलाख्यात १९२० च्या दशकात या संस्था निघाल्या. लोकांनी जेवढी वर्गणी जमवावी तेवढंच अनुदान सरकार देई, वर्षाला जास्तीत जास्त १,००० रुपये. सुधारलेलं बी, लोखंडी नांगर, चांगला वळू यांचा प्रसार हे त्यांचं काम, आणि त्या प्रसारासाठी जत्रेइतकी सोयीची जागा दुसरी कुठली? माणसं आयती जमलेली, जनावरं आयती आलेली. तालुक्यातल्या प्रदर्शनांची मुळं मला वारंवार याच थरात सापडली आहेत. १९२६ च्या ऑक्टोबरात पुण्यात मोठं शेतकी प्रदर्शन झालं, त्याच काळात लॉर्ड लिनलिथगो यांचा सरकारी शेतकी आयोग देशभर फिरत होता. म्हणजे वाराच तसा वाहत होता.

लोखंडी नांगराचं नाव निघालंच आहे तर एक सांगून टाकतो. किर्लोस्करांचे पहिले लोखंडी नांगर बेळगावात बराच काळ गिऱ्हाइकाविना पडून होते. लोखंडानं जमीन नासते अशी समजूत होती. १९१० मध्ये औंध संस्थानच्या राजांच्या, पंतप्रतिनिधींच्या, आश्रयानं कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली आणि चित्र पालटत गेलं. दुकानात नांगर बघून कुणी विश्वास ठेवत नाही, शेजाऱ्याच्या रानात चाललेला बघून ठेवतो. प्रदर्शनातलं प्रात्यक्षिक या एका कारणासाठी होतं, आणि आज नेमकं तेच गायब झालंय. ट्रॅक्टर मांडवात उभा असतो, माती लागत नाही त्याला.

इथं तुमच्यासाठी एक मोठा 'पण' आहे. तुमचं गाव कुठल्या अमलाखाली होतं? आटपाडी औंध संस्थानात होती, म्हसवड इंग्रजी सातारा जिल्ह्यात. दहा कोसांवरची गावं, पण कागद वेगळ्या घरात. औंध १९४८ मध्ये विलीन झालं. संस्थानी गाव असेल तर इंग्रजी शेतकी खात्याच्या अहवालात तुम्हाला काहीच सापडणार नाही आणि तुम्ही उगाच 'प्रदर्शन नव्हतंच' असं लिहून बसाल. इंग्रजी गाव असेल तर १८८५ च्या सातारा गॅझेटिअरमध्ये गावाखाली जत्रा आणि गुरांचा बाजार यांची नोंद आहे का बघा. मात्र ती बाजाराची नोंद आहे हे विसरू नका.

कागद हाती आला आणि त्यावर साल नसेल, तर गटांची नावं वाचा. खिलारांचे गट दातांवर पडतात: आदत (दुधाचे दात न पडलेला), दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला (सगळे दात आलेला). रिंगणात खोंड आला की मालकाला बोलायला न लावता आधी ओठ वर करून दात बघायचे, कारण वय सांगताना मालक आणि नवरीचा मामा दोघंही सारखेच. मग जनावर चालवायचं, खुरांची ठेवण आणि पाठीची सरळ रेघ बघायची, मागं उभं राहून शिंगांची जोड बघायची. कोसा रंग की काजळी यावर मालकांची भांडणं होतात, पंचांनी त्यात पडू नये. ही दातांची भाषा शंभर वर्षं तशीच आहे, तिच्यावरून काळ कळत नाही. पण 'संकरित गाय' असा गट दिसला तर कागद साधारण सत्तरच्या दशकातला किंवा त्यानंतरचा. संकरित ज्वारीच्या कणसाला बक्षीस असेल तर तो १९६४ च्या आधीचा असणं कठीण, कारण सीएसएच-१ हे वाण त्या साली आलं. वर 'जिल्हा परिषद' असेल तर मे १९६२ नंतरचा. 'शेतकी' जाऊन 'कृषी' कधी आलं तेही बघत चला. जुन्या कागदावर बहुधा 'शेतकी प्रदर्शन' असतं.

आता माझी फजिती. पहिल्या स्मरणिकेत मी मोठ्या झोकात लिहिलं, 'गेली चाळीस वर्षे अखंड चाललेली परंपरा'. समितीनं दिलेला आकडा, मी तपासला नाही. अंक वाटला गेला आणि आठवड्यानं एका शेतकऱ्याचं पोस्टकार्ड आलं: "साहेब, बाहत्तरच्या दुष्काळात त्या माळावर छावणी होती. प्रदर्शन कुठनं भरंल?" वाचून मला घाम फुटला, कारण त्या छावणीत आमच्या घरचीही दोन बैलं होती. वडिलांबरोबर मी स्वतः तिथं वैरणीच्या रांगेत उभा राहिलो होतो. डोळ्यांनी बघितलेलं मी समितीच्या कागदापुढं विसरलो. तेव्हापासून 'अखंड' हा शब्द मी वापरत नाही. दुष्काळ, लाळ्या-खुरकुताची साथ, अलीकडं कोरोना आणि २०२२ मध्ये लंपी, यांतल्या प्रत्येकानं कुठं ना कुठं खाडा पाडलेला असतो. 'पन्नासावं वर्ष' आणि 'पन्नासावं प्रदर्शन' हे दोन वेगळे आकडे आहेत. समितीला आधी विचारा, तुम्ही नेमका कुठला साजरा करताय?

दुसऱ्या स्मरणिकेच्या वेळी मात्र नशिबानं साथ दिली. एका वाड्यात देवघरात पितळी तांब्या होता, पूजेचं पाणी ठेवायचा. घरच्या म्हातारीनं सांगितलं की हा बैलाचा तांब्या. गळ्याखाली अक्षरं कोरलेली होती, 'शेतकी प्रदर्शन' आणि 'नंबर २' स्पष्ट वाचता येत होतं. त्याच्यापुढं साल होतं ते तीन पिढ्यांनी राखेनं घासून घासून साफ गेलेलं. मी हळहळलो. मग सहज खोलीतला दिवा मालवून बॅटरीचा उजेड तांब्याच्या अंगाला चाटून जाईल असा आडवा धरला, तर कडेला बारीक 'ता. डे. असो.' उमटलं, म्हणजे तालुका डेव्हलपमेंट असोसिएशन. साल नाही मिळालं, पण काळ मिळाला. त्या गावाच्या समितीनं तोवर प्रदर्शन १९६५ नंतरचंच मानलं होतं.

तुमच्या आजोबांचा हिशेबही मांडून बघा. ते आज ब्याऐंशीचे धरले तर त्यांचा आजा १८९० ते १९०० च्या दरम्यानचा. खोंड घेऊन रिंगणात उतरायचं त्याचं वय म्हणजे तीस ते पंचेचाळीस. येतो ना आकडा १९२० ते १९४५ मध्ये? असोसिएशनच्या काळात तो बरोबर बसतो. हा पुरावा नव्हे, पण आजोबांना थापाडे म्हणण्याआधी दहादा विचार करायला लावणारा हिशेब आहे. त्यांना 'प्रदर्शन कधीपासून' असं विचारू नका, त्याला ते 'पहिल्यापासून' म्हणतील. नंबर कोणी काढला, साहेब गोरा होता की आपला, बक्षीस काय दिलं आणि ते आता कुणाच्या घरी आहे, हे विचारा. आठवणीत सालं सरमिसळ होतात, वस्तू सहसा होत नाहीत.

लेखात मी काय छापेन, तेही सांगतो. मथळ्याखाली सरळ लिहीन की सध्याच्या समितीचं हे पन्नासावं वर्ष आहे आणि तालुक्यात बक्षिसांचं शेतकी प्रदर्शन त्याआधीही भरत असल्याची आठवण सांगितली जाते. पुरावा मिळाला तर 'आठवण' काढून 'नोंद' लिहा. जत्रेच्या बाजाराला वेगळा परिच्छेद द्या. खाडे पडलेली वर्षं कारणासकट द्या, लोकांना ती वाचायला आवडतात, लाज कसली? आणि 'शतकोत्तर' वगैरे शब्द कितीही मोह झाला तरी हाती कागद किंवा भांडं असल्याशिवाय नको.

आजोबांकडं लवकर जा. काही भांडं, ढाल, चांदीचं कडं निघालं तर आधी जसं आहे तसे फोटो काढा, आडव्या उजेडात. आणि घरच्यांना हात जोडून सांगा की समारंभात मांडायचं म्हणून ते चिंचेनं घासून लख्ख करू नका.